एक गोळी आणि दहा किलोमीटर

खुल्या पाण्यातील दहा किलोमीटरची पोहण्याची शर्यत ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदा झाली ती २००८ साली, बीजिंगला. पन्नास मीटरच्या तलावात एवढे अंतर कापायचे तर या टोकाकडून त्या टोकाकडे दोनशे वेळा जावे लागेल. खुल्या पाण्यात मात्र हात टेकायला भिंत नसते, तळाला आखलेली काळी रेघ नसते आणि ज्याची त्याची वेगळी पट्टीही नसते. सगळे एकाच वेळी सुटतात. कुणाचे कोपर लागते, कुणाची लाथ बसते. मधून मधून मान वर काढून खुणेचा बोया कुठे आहे ते पाहावे लागते, नाही तर वाट चुकते. पाणी प्यायचे तेही पोहता पोहता. प्रशिक्षक काठावरच्या फळीवर उभा राहून लांब काठीच्या टोकाला बांधलेला पेला पुढे करतो. पोहणारा तो उचलतो, दोन घोट घेतो आणि पुढे निघतो. दुसऱ्याला मुद्दाम अडवणाऱ्याला पंच आधी पिवळे कार्ड दाखवतात आणि तरीही ऐकले नाही तर बाहेर काढतात.

१० ऑगस्ट २०१२ रोजी लंडनच्या हाइड पार्कमधल्या सर्पेंटाइन तळ्यात ही शर्यत झाली. ती जिंकली ट्युनिशियाच्या उसामा मल्लूलीने. वेळ १ तास ४९ मिनिटे ५५.१ सेकंद. खुल्या पाण्यात अनेकदा विश्वविजेता ठरलेला जर्मनीचा थॉमस लुर्झ त्याच्यापेक्षा अवघे ३.४ सेकंद मागे राहिला. त्याआधी सहाच दिवस उसामाने तलावातल्या १५०० मीटर शर्यतीत कांस्यपदक घेतले होते. एकाच ऑलिम्पिकमध्ये तलावात आणि खुल्या पाण्यात अशी दोन्हीकडे पदके मिळवणारा तो पहिलाच.

पण आपल्या घरांत सांगायला हवी ती याच्या आधीची गोष्ट. उसामा किशोरवयातच घर सोडून पोहण्याच्या सरावासाठी फ्रान्सला गेला आणि तेथून शिक्षणासाठी अमेरिकेत. २००६ च्या नोव्हेंबरात अमेरिकेतील एका स्पर्धेत त्याच्या चाचणीत अॅम्फेटामाइन हे बंदी असलेले उत्तेजक सापडले. विद्यापीठाचा एक निबंध पुरा करायचा होता, त्यासाठी एक गोळी घेतली, असे त्याने सांगितले. गोळी घेतली ती अभ्यासासाठी, शर्यतीसाठी नव्हे. तरीही क्रीडा लवादाने १८ महिन्यांची बंदी घातली. मधल्या काळात, २००७ मध्ये, मेलबर्नच्या जागतिक स्पर्धेत त्याने ८०० मीटरचे सुवर्ण जिंकले होते. तेही परत गेले.

आम्ही शिक्षक मंडळी दहावी-बारावीच्या दिवसांत मुलांचे तारवटलेले डोळे पाहतो. जागरणासाठी मित्राने दिलेली गोळी, कुणाकडून तरी आणून घेतलेला निबंध, ‘एवढ्याने काय होते’ हे वाक्य, हे सारे आमच्या ओळखीचे आहे. नीयत वाईट नव्हती म्हणून शरीरात गेलेले औषध आपला परिणाम सोडत नाही आणि नियमही बाजूला होत नाही. डॉक्टरांनी लिहून न दिलेली गोळी घ्यायची नाही, हे मुलाला परीक्षेच्या आधीच सांगितलेले बरे. त्याच्याकडून निकालाची किती अपेक्षा धरायची, हेही आईबापांनी तेव्हाच ठरवावे.

आणि मुलाकडून चूक झालीच तर? तौबाच्या अटी उलेमा सांगतात: चूक सोडून देणे, तिची लाज वाटणे, पुन्हा न करण्याचा पक्का इरादा, आणि दुसऱ्याचा हक्क घेतला असेल तर तो परत करणे. उसामाच्या दिलातले अल्लाह जाणे. आपल्याला दिसते ते एवढेच की पदक गेले, बंदी त्याने पूर्ण भोगली, पण पोहणे सोडले नाही. मे २००८ च्या अखेरीस बंदी संपली आणि १७ ऑगस्टला बीजिंगमध्ये त्याने १५०० मीटरचे सुवर्ण जिंकले. त्याने मागे टाकलेला ऑस्ट्रेलियाचा ग्रँट हॅकेट ही शर्यत आधीच्या सलग दोन ऑलिम्पिकमध्ये जिंकलेला होता. पुढे लंडनचे तळे झाले आणि २०१३ साली बार्सिलोनाच्या जागतिक स्पर्धेत समुद्रातल्या पाच किलोमीटरचे सुवर्णही.

आपल्याकडे मात्र एका चुकीचा शिक्का मुलाच्या कपाळी कायमचा बसतो. शिक्षा संपते, तरी टोमणे संपत नाहीत. शिक्षा माफ करावी असे आमचे म्हणणे नाही. ती पूर्ण होऊ द्यावी आणि मग मुलाला पुन्हा पाण्यात उतरू द्यावे.

टोकियोच्या ऑलिम्पिकमध्ये उसामा ३७ वर्षांचा होता. ते त्याचे सहावे ऑलिम्पिक. त्या दिवशी पदक त्याच्यापासून फार दूर होते, तरी दहाही किलोमीटर तो पोहला.