पाळणाघर कधी शोधायचं?

आधी रजेचा हिशेब मांडा. 2017 च्या कायदादुरुस्तीनंतर पात्र नोकरदार आईला पहिल्या दोन अपत्यांसाठी 26 आठवड्यांची पगारी रजा मिळते. त्यातले 8 आठवडे प्रसूतीपूर्वीच घेतले, तर ती कामावर रुजू होताना बाळ जेमतेम चार महिन्यांचं असतं, अजून अंगावरच्या दुधावरचं. इतक्या तान्ह्या बाळाला अनेक पाळणाघरं घेतच नाहीत. म्हणून शोध सातव्या महिन्यातच सुरू करावा. ओल्या बाळंतिणीला ही वणवण कशाला?

50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय करावी लागते आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाता येतं. हा कायद्याने दिलेला हक्क आहे. रजेवर जाण्याआधीच कार्यालयाला लेखी विचारा, संकोच नको.

पाळणाघर पाहायला शक्यतो भर दुपारी जा. एका ताईकडे किती तान्ही आहेत, काढून आणलेल्या दुधाच्या बाटलीवर नाव आणि वेळ लिहून ती लगेच फ्रीजमध्ये जाते का, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. रुजू होण्याच्या दोनेक आठवडे आधीपासून बाळाला तिथे रोज तासभर ठेवावं, मग हळूहळू वेळ वाढवावा.