गाठी नसलेल्या गाठी

चकल्यांचा दुसरा घाणा कढईत होता, तोच माझी भाची शेजारी येऊन हळूच म्हणाली, "मावशी, माझ्या बीजकोशांत गाठी आहेत. मला मूल होणार नाही ना गं?"

लग्नाला दीड वर्ष झालेले. पाळी कधी चाळीस दिवसांनी, कधी अडीच महिन्यांनी. सासूबाई बोलत काही नाहीत; पण महिनाअखेर आली की कॅलेंडराकडे पाहतात!

सोळा वर्षांपूर्वी याच शब्दाने माझी झोप उडवली होती. मैत्रिणींच्या मुलांच्या बारशांना जाणेही मी टाळू लागले होते. मराठी शिकवणारी मी. पण त्या शब्दाचा अर्थ मात्र फार उशिरा विचारला.

'पॉलिसिस्टिक' म्हणजे अनेक गाठींचे. पण त्या गाठी नव्हेतच! बीजकोशात दर महिन्याला कित्येक बीजपुटके वाढू लागतात आणि बहुधा एकातूनच पक्व बीज बाहेर पडते. या विकारात संप्रेरकांचा तोल ढळतो नि पुटके अर्ध्यावरच थबकतात. सोनोग्राफीत दिसतात ती हीच. १९३५ साली शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल या डॉक्टरांनी सात स्त्रियांच्या तपासणीवरून हा विकार वर्णिला.

"म्हणजे बीज आहे?"

"आहे, फक्त वेळापत्रक पाळत नाही."

म्हणूनच पाळी लांबली की ती 'नेहमीसारखीच' असे धरून चालू नये. आधी दिवस गेले आहेत का, ते तपासावे. तसे नसून तीन महिने पाळी आली नाही, तर डॉक्टरांकडे जावे. गर्भाशयाचे अस्तर साचत राहणे बरे नव्हे. गोळ्या देऊन पाळी आणता येते. वजन जास्त असल्यास शेकडा पाच-दहा उतरले, तरी पुष्कळींची पाळी मार्गावर येते. तेवढ्याने न भागल्यास बीज पक्व करणारी लेट्रोझोलसारखी औषधे डॉक्टर देतात. दिवस राहिल्यावर रक्तातील साखर मात्र लवकर तपासावी. आणि हो, नवऱ्याचीही तपासणी व्हावी. ती बहुधा विसरली जाते!

सर्वांनाच लवकर यश येते असे मी म्हणणार नाही. मला दोन वर्षे लागली.

"पण सासूबाईंना काय सांगू?"

"शब्दाचा खरा अर्थ. आणि त्यांना एकदा डॉक्टरांकडे सोबत ने."

इतक्यात माझे चौदा वर्षांचे चिरंजीव आत डोकावले आणि ताटातली गरम चकली उचलून पसार झाले. भाची कितीतरी वेळ त्या दाराकडे पाहत राहिली. मग पदर खोचून सोऱ्या तिने हाती घेतला.