श्वासाच्या लयीत ख्रिस्ती प्रार्थना

श्वासावर चित्त एकाग्र करण्याची साधना म्हटली, की मराठी वाचकाला प्राणायाम किंवा इगतपुरीची विपश्यना आठवते. ख्रिस्ती धर्मातही श्वासाला प्रार्थनेची जोड देणारी प्राचीन परंपरा आहे. मात्र प्रार्थनेत श्वासाचे स्थान नेमके कोणते, या प्रश्नावरून तेथे एकेकाळी मोठा वाद झडला होता.

पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स पंथात या साधनेला ‘हेसिकॅझम’ म्हणतात. ‘हेसिखिया’ या ग्रीक शब्दाचा अर्थ निःशब्द शांती. येशूचे नाव घेऊन दयेची याचना करणारे एकच छोटे वाक्य साधक मनात घोळवत राहतो. त्याचा पूर्वार्ध श्वास घेताना आणि उत्तरार्ध श्वास सोडताना म्हणण्याची पद्धत रूढ आहे. सातव्या शतकात सिनाई येथील मठाधिपती जॉन क्लायमॅकस यांनी येशूचे स्मरण श्वासाशी जोडण्याचा उपदेश केला. तेराव्या शतकात ग्रीसमधील माउंट ॲथोस येथील निकिफोरस या संन्याशाने श्वासाच्या आधाराने मन हृदयात उतरविण्याची पद्धत लिहून ठेवली.

चौदाव्या शतकात दक्षिण इटलीतून आलेल्या बार्लाम या विद्वानाने या पद्धतीवर हल्ला चढविला. मान खाली घालून बसणाऱ्या या साधकांचा आत्मा बेंबीत वसतो की काय, अशी खिल्ली त्याने उडविली. त्याला उत्तर दिले ॲथोसचेच संन्यासी ग्रेगरी पालामास यांनी. शरीर हे मुळात वाईट नाही, त्यामुळे प्रार्थनेत त्याचाही सहभाग असू शकतो, असे त्यांचे म्हणणे होते. विशेषतः नवशिक्याचे भटकणारे मन आवरण्यास श्वासाची मदत होते. परंतु ईश्वरी कृपा कोणत्याही तंत्राने खेचून आणता येत नाही. कॉन्स्टँटिनोपल येथील १३४१ आणि १३५१ च्या धर्मसभांनी पालामास यांची बाजू उचलून धरली.

पाश्चात्त्य ख्रिस्ती जगतातही अशी पद्धत आढळते. जेझुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ या ग्रंथाला १५४८ मध्ये पोपची मान्यता मिळाली. त्यात एका श्वासाला प्रार्थनेचा एक शब्द घेऊन त्याच्या अर्थावर मनन करण्याची रीत सांगितली आहे.

१९८९ मध्ये व्हॅटिकनने ध्यानपद्धतींविषयी बिशपांना पत्र पाठविले. श्वासाच्या लयीतील येशूनामाची प्रार्थना अनेकांना साह्यभूत ठरू शकते, हे त्यात मान्य केले होते. त्याचबरोबर शरीराला लाभणारी स्वस्थता म्हणजेच पवित्र आत्म्याचा अनुभव, असा समज करून घेऊ नये, असेही बजावले होते.

संथ श्वासाने मनावरील ताण हलका होतो, हे कोणीही अनुभवू शकतो. या परंपरेच्या दृष्टीने मात्र ती केवळ पूर्वतयारी असते. लक्ष श्वासावर नव्हे, तर ज्याला हाक मारायची त्याच्यावर ठेवायचे असते. म्हणूनच ऑर्थोडॉक्स आचार्य ही साधना अनुभवी मार्गदर्शकाच्या देखरेखीखालीच करावी, असा आग्रह धरतात.