नववीतून काढलेला मुलगा किती महाग पडतो?

मालेगाव-भिवंडीच्या मोहल्ल्यांत एक वाक्य वारंवार कानी पडते : “शिकून तरी कोणती नोकरी मिळणार? त्यापेक्षा कारखान्यात बसला तर चार पैसे आणील.” असे म्हणणारा बाप मुलाचा वैरी नसतो. घरभाडे, आजारपण आणि बंद पडलेले माग यांनी तो गांजलेला असतो. म्हणून आम्ही येथे उपदेश न करता व्यापाऱ्यासारखा हिशेब मांडणार आहोत.

जमेची बाजू उघड आहे. समजा, मुलगा महिन्याला ४ हजार रुपये आणतो. नववी-दहावीच्या दोन वर्षांत ९६ हजार रुपये घरात आले. आता नावेची बाजू पाहू.

पहिली नोंद परदेशातील रोजगाराची. दहावी पास नसलेल्या कामगाराला सौदी अरेबिया, कुवेत, ओमान अशा देशांत नोकरीसाठी जाताना सहसा सरकारची वेगळी मंजुरी घ्यावी लागते. दहावी पास माणूस या फेऱ्यातून सुटतो. कोकणातील घरांना याचे मोल ठाऊक आहे.

दुसरी नोंद धंद्याची. २००८ साली सुरू झालेल्या पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात १० लाखांवरील कारखानदारीसाठी आणि ५ लाखांवरील सेवा-व्यवसायासाठी अर्जदार किमान आठवी पास असावा लागतो. आयटीआयच्या बहुतेक अभ्यासक्रमांना दहावी लागते. २०१७पासून जीएसटी आला; बिल आणि विवरणपत्र ज्याला वाचता येत नाही, तो मालक असूनही मुनिमाच्या हाती राहतो. हात कितीही कसबी असला, तरी कागद दुसऱ्याचा असेल तर नफ्याचा वाटाही दुसऱ्याचाच.

तिसरी नोंद साऱ्या समाजाच्या खात्यावर पडते. सच्चर समितीच्या २००६च्या अहवालानुसार ६ ते १४ वयोगटातील २५ टक्के मुस्लिम मुले एकतर कधी शाळेत गेली नव्हती किंवा मधूनच बाहेर पडली होती. मुलींचे नुकसान तर दुहेरी. हायस्कूल लांब म्हणून मुलगी घरी बसते आणि उद्या तिच्या मुलांचा अभ्यास घेणारे घरात कोणी उरत नाही.

आणि ते ९६ हजार? ते दोन वर्षांत खर्चून जातात. नावेची बाजू मात्र चाळीस वर्षे चालू राहते.

यावर उपाय आहेत. शाळा सुटलेल्यांना १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येते; राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचीही सोय आहे. कारखानदार बांधवांना आमचे सांगणे एवढेच : १४ वर्षांखालील मुलाला कामावर ठेवणे गुन्हा आहे, ते टाळाच, पण शाळा सोडून आलेला मोठा मुलगा हाताखाली असेल तर त्याला संध्याकाळी दोन तास मोकळे सोडा आणि परीक्षेची फी तुम्ही भरा. उद्या तोच तुमची वही सांभाळील.