देवगिरीचा खंदक आणि तीन फासे

मुलं पात्रं घेऊन खेळायचा खेळ स्वतः बनवतात, तेव्हा प्रत्येकाच्या वीराची शक्ती शंभरच असते! मग खेळात गंमत कसली? आधी मोजायला लावा. मैदानावर जागेवरून लांब उडी, टेप, सेंटिमीटर. आकडे तक्त्यावर मांडले, की बहुतेक मध्ये गोळा होतात, टोकाला एखाद-दुसराच.

१९७४ च्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'मध्ये शक्ती तीन फाशांनी ठरायची. तिथेही तसंच: २१६ शक्यतांत १८ एकदाच, १० किंवा ११ मात्र ५४ वेळा. म्हणून मधली उडी १०-११ ला, सर्वांत लांब १८ ला जोडा. आता पात्राला देवगिरीच्या खंदकासमोर उभं करा. उडी मारून पार? तक्ता बघून मुलंच 'नाही' म्हणतात, आणि दोर, पूल, पहारेकऱ्याशी बोलणी सुरू होतात.

शक्ती आणि दम वेगळे ठेवा बरं का. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सांगलीच्या संकेत सरगरने ५५ किलो वजनगटात १३५ किलो उचलले, बीडचा अविनाश साबळे ३००० मीटर स्टीपलचेस धावला. दोघांनाही रौप्य, एका आकड्यात दोघं कसे बसतील?

उड्यांपुढे नावं मात्र लिहू नका. ज्याची उडी सर्वांत छोटी, त्याच्या पात्राचा आकडाही फाशांनीच ठरू द्या.