परदेशातील शालेय वर्ष आणि संबोधनाची सर्वनामे

अमेरिकन फील्ड सर्व्हिस या संस्थेने १९४७ साली शालेय विद्यार्थ्यांची आंतरराष्ट्रीय देवाणघेवाण सुरू केली. अशा योजनेतून मरोळची मराठीभाषक विद्यार्थिनी वर्षभर जर्मन कुटुंबात राहावयास गेली, तर तिची कसोटी व्याकरणापेक्षा संबोधनात अधिक लागते. मराठीतील ‘तू’ व ‘तुम्ही’ यांप्रमाणे जर्मनमध्ये ‘दू’ व ‘झी’ ही सर्वनामे आहेत. परंतु त्यांचा उपयोग समांतर नाही. अनेक मराठी घरांत पित्यास ‘तुम्ही’ म्हणतात. जर्मन घरात मात्र त्यास ‘दू’च म्हणावयाचे असते. उलट, वरच्या इयत्तांत शिक्षक पुष्कळदा विद्यार्थ्यांनाच ‘झी’ म्हणतात. तात्पर्य, ‘तुम्ही’तून मुख्यतः आदर व्यक्त होतो, ‘झी’तून अंतर. हे न उमगल्यास तिचा विनय यजमानांस तुटकपणा वाटण्याचा संभव असतो. म्हणून प्रस्थानापूर्वीच्या भाषाशिक्षणात शब्दसंग्रहाइतकेच संबोधनासही स्थान असावे.