मोगरा आणि अबोली
चेन्नईच्या गजऱ्यात एकत्र गुंफले जाणारे मोगरा आणि अबोली कुंडीत मात्र निराळे वागतात. मोगऱ्याला भरपूर ऊन लागते. सावलीत नुसती पाने वाढतात. ईशान्य मोसमी पावसात, म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये, दोघांच्याही मुळांशी पाणी तुंबू देऊ नये. नोव्हेंबरअखेर मोगऱ्याची छाटणी केली की मार्चपासून बहर येतो. अडुळशाच्या कुळातल्या अबोलीला सुगंध नाही, पण ती जवळजवळ वर्षभर फुलते आणि थोडी सावलीही चालवून घेते. मोगरा फांदीपासून लावतात. अबोलीच्या वाळलेल्या बोंडावर पाणी पडताच ते तडकून बी लांब उडते, म्हणून शेजारच्या कुंड्यांत बिनबोलावलेली रोपे दिसतात. ‘दिल्ली’ अबोली मात्र बी धरत नाही. तिच्या फांद्याच लावाव्या लागतात. मोगऱ्याच्या कळ्या उमलण्यापूर्वी पहाटे खुडतात, अबोलीची फुले उमलल्यावर, एक दिवसाआड.